फवारणीच्या नळीची पकड

बोंडअळीच्या त्या वर्षांत माझा मोठा भाऊ कळंबजवळच्या आमच्या शेतात एकटाच फवारणी करायचा. कपाशी छातीएवढी. नळी पुढे धरायची आणि आपणच विषारी औषधाने ओल्या केलेल्या झाडांतून चालायचं. घरी येईपर्यंत सदरा पुढून ओला, डोळे लाल. फवारणी थांबवता येत नव्हती. मला भीती त्याच्या जिवाची होती.

मी यवतमाळला एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवतो. तिथे थ्रीडी प्रिंटर होता. पाठीवरच्या पंपाला बसेल आणि नळी मागच्या बाजूला रोखून धरेल, अशी वीतभर दांड्याची पकड मी संगणकावर काढली. दुकानातल्या नव्या नळीचा व्यास मोजला, अर्धा मिलिमीटर सैल ठेवला. गावी नेली तर बसेना. हात घसरू नये म्हणून भावाने नळीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. आमच्याकडे सगळेच गुंडाळतात. लहानपणी मीही गुंडाळलेली आहे, पण मोजताना आठवलं नाही.

दुसरी पकड बसली, पण पहिल्याच तासाला दांडा पंपाजवळच्या कोपऱ्यात मोडला. जाडी तीनवरून सहा मिलिमीटर केली. तोही तिथेच मोडला. भाऊ म्हणाला, राहू दे आता, नळी हातातच बरी.

वहिनी चुलीपाशी कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळकी झाडं, मोडत होती. तिने मोडका तुकडा घेतला, त्याच्या थरांवरून नख फिरवलं.

"भाऊजी, हे तर खापरासारखं तुटलं. पऱ्हाटीचं साल लांबीत हाय, म्हणून ते लवते. तुमचे थर आडवे काहून?"

आधारासाठी लागणारं जादा प्लास्टिक वाचावं म्हणून मी दांडा उभा छापला होता. थर दांड्याच्या लांबीत हवेत, हेच मी वर्गात शिकवतो, असं मी कबूल केलं.

"मंग घरी कायले विसरता?"

दांडा निजवून छापला, कोपरा गोल केला, जाडी चारवर आणली. सहाच्या दांड्यापेक्षा तो तिसऱ्या हिश्श्याने हलका झाला.

भाऊ मास्क, हातमोजे घालून गेला आणि दुपारी परतला. वहिनीने त्याला गोठ्याजवळच थांबवून सदरा न्याहाळला. वारा फिरल्यामुळे पाठ थोडी भिजली होती. पुढून कोरडा होता. ती आंघोळीचं पाणी काढायला गेली. तिचे उपकार मी तेव्हा तोंडाने मानले नाहीत, म्हणून इथे मानतो.

भावाने पकड धुऊन माझ्यापुढे ठेवली. "अजून एक कर. शेजारचा बी अशीच मागून राह्यला."