आईच्या आवाजातला दादा

आई गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी तिला स्वयंपाकघरात बोलताना ऐकलं. मी मोरीत कपडे भिजवत होते. "गॅस बंद केलंस काय रे? परत बघ. हात लावून बघ." तोच घोगरा, जरा नाकातला सूर, शेवटी वर चढणारा. माझ्या हातातून साबण सुटला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कोकणातली असून नाही, म्हणून सासरी माझी थट्टा होते. पण त्या सकाळी अंगावर सर्रकन काटा आला तो आला. ओल्या हातांनी आत गेले, तर गॅससमोर दादा उभा. बटणावर बोट ठेवून, मान वाकडी करून तो आईच्या आवाजात विचारत होता आणि लगेच स्वतःच्या जाड आवाजात उत्तर देत होता, "केला, आई."

दादा माझा थोरला भाऊ. पंचेचाळिशी ओलांडली, कानांपाशी केस पांढरे झाले. त्याला लिहिता-वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, आणि नवीन माणसासमोर त्याचे शब्द अडकतात. त्याच्यासाठी शब्द मात्र बदलत राहिले. आम्ही लहान असताना मतिमंद, मग विशेष, आता दिव्यांग. दादा तोच राहिला. बोरीवलीत घराजवळच एक कार्यशाळा आहे, तिथे त्याच्यासारखी मोठी माणसं काम करतात. तो मिठाईचे खोके दुमडतो, आणि त्याच्या हातचा खोका कधी वाकडा होत नाही.

बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले. मी लग्न होऊन मुलुंडला गेल्यावर नॅशनल पार्कच्या बाजूच्या त्या जुन्या बिल्डिंगीत आई आणि दादा दोघंच राहिली. आई सकाळपासून रात्रीपर्यंत त्याला सांगत असायची. दात घास, बटणं लाव, चप्पल उलटी आहे, चावी घेतलीस का. बाहेरच्याला ती कटकट वाटायची. दादा त्या कटकटीला धरून दिवस काढायचा, जसं आपण जिन्यात कठड्याला धरतो.

बाराव्याला जेवणाच्या पंगतीत सगळे एकच विचारत होते, आता ह्याचं काय? ह्याचं म्हणजे काय, तो समोर बसून वडे खात होता. मामाचं म्हणणं, कर्जतकडे एक संस्था आहे, तिथे ठेवा, चांगली हवा आहे. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाले की माणूस देवासारखा आहे, पण गॅसचा भरवसा नाही, बिल्डिंगचा प्रश्न आहे. नवऱ्याने आणि मी ठरवलं होतं की त्याला मुलुंडला आणायचं, गॅलरी बंद करून त्याची खाट तिथे टाकायची. सगळ्यांनी सगळं सुचवलं. दादा वडा संपवून म्हणाला, "मी घरी राहणार." कोणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोणी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

एकटी कार्यशाळेतली टीचर म्हणाली, "मग राहू दे ना त्याला. शिकवूया." चाळिशीची, किडकिडीत, बोलायला फटकळ बाई. मी कामावरून रजा काढली आणि आईच्या घरी राहायला आले.

टीचरची पद्धत सोपी होती आणि माझा अंत पाहणारी. प्रत्येक कामाचे बारीक तुकडे करायचे. चहा म्हणजे एक काम नाही. पातेलं घेणं वेगळं, पाणी वेगळं, बटण फिरवणं वेगळं. आधी तोंडाने सांगायचं. मग नुसतं बोट दाखवायचं. मग गप्प उभं राहायचं, आणि शेवटी खोलीतच राहायचं नाही. "आपण कमी होत जायचं," ती म्हणायची. मला ते जमत नव्हतं. त्याचा हात साखरेऐवजी मिठाकडे गेला की माझी जीभ वळवळायची. एकदा तिने मला सरळ बाहेर जिन्यात उभं केलं, शाळेत वर्गाबाहेर काढतात तसं. खारट चहा दादाने ओतून दिला आणि दुसरा केला.

टीचर कमी झाली, मीही झाले. पण आम्ही जिथून सरकायचो तिथे आई येऊन उभी राहायची. गॅसपाशी आई, न्हाणीघरात आई, कुलूप लावताना आई. बसस्टॉपवर दादा शर्टाकडे बघून मोठ्याने म्हणायचा, "बटणां लाव मरे," ते अगदी बाईमाणसाच्या आवाजात, आणि एकदा तर एका बाईने आपलं मूल अलीकडून पलीकडे घेतलं. माझं डोकं फिरलं. हे बंद करायला हवं, असं मी टीचरला सांगितलं. ती म्हणाली की आई गेल्या तरी सांगायच्या थांबल्या नाहीत एवढंच झालंय, त्याही हळूहळू कमी होतील, ओढून काढू नका.

खरं सांगते, मलाही ते ओढून काढायचं नव्हतं. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. तो मला जेवायला वाढायचा आणि आईच्या आवाजात विचारायचा, "किती रोडावलंस गो. नवरो जेवूक घालता मा?" मी हसायचे आणि आणखी थोडा भात मागून घ्यायचे. आई मेल्याचं दुःख करायला मला सवडच मिळाली नाही, कारण ती घरातच होती. कधीकधी पाठमोरा दादा बोलत असला की मला त्याच्या पुढे जाऊन बघायची भीती वाटायची.

तिन्हीसांजेला मी रोज खाली भाजी आणायला जात असे. एके दिवशी पाय दुखत होता म्हणून गेले नाही. दादाने हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, अगरबत्ती ओवाळली आणि मला म्हणाला, "बस. गाऱ्हाणं आहे."

आमच्याकडे गावाला देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं, प्रत्येक ओळ म्हाराजा म्हणून संपवायची आणि बाकीच्यांनी एका सुरात व्हय म्हाराजा म्हणायचं. ते काम पुरुषांचं. बाबा गेल्यावर आईने ते आपल्याकडे घेतलं आणि रोज दिव्यापाशी छोटंसं गाऱ्हाणं घालू लागली. लहानपणी आम्ही दोघं व्हय म्हाराजा म्हणायचो, कोण मोठ्याने म्हणतो याची शर्यत लावायचो. मी खुशीत मांडी घालून बसले.

"बा देवा म्हाराजा," दादा आईच्या आवाजात म्हणाला.

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरार तुझी नजर आसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"लेक मुलुंडाक आसा, तिका सुखी ठेव रे म्हाराजा."

माझे डोळे भरले. मी त्या घरात नसताना रोज माझं नाव निघत होतं. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"आणि ह्येका माझ्या आदी घेवन जा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तोंडातून निघून गेलं. गाऱ्हाण्याची लयच तशी असते, ओळ संपली की उत्तर बाहेर पडतं, अर्थ मागून येतो. तो आला तेव्हा दादा नमस्कार करून उठलाही होता. "चहा ठेवू?" त्याने त्याच्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

मी त्याला हात धरून खाली बसवलं. आई हे रोज म्हणायची का, विचारलं. रोज, तो म्हणाला. मग तू काय म्हणायचास?

"व्हय म्हाराजा."

"तुला कळायचं का रे ते?"

त्याने माझ्याकडे बघितलं. एरवी लोक त्याच्याकडे जसं बघतात तसं. "मी आधी मरणार. मग आई," तो म्हणाला. "व्हय म्हटलं नाही तर ती रडायची."

मी मुलुंडला गेल्यावर कधीतरी आईने ती ओळ घातली असणार. तिने काय मागितलं ते मला कळतं. कार्यशाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कुठल्याही आईला विचारा, थोड्याफार फरकाने हेच मागते. आपल्यामागे ह्याला कोण बघणार, ही भीती त्या बायकांच्या हाडात शिरलेली असते. पण त्याच्याकडून रोज होकार का वदवून घेतला, ते मला कळत नाही. मला तिचा भयंकर राग आला, आणि मेलेल्या माणसावर रागावलं तर भांडायलाही समोर कोणी नसतं. भिंतीवर फोटो होता, त्यात ती लग्नाला निघाल्यासारखी हसत होती.

दुसऱ्या दिवशी दादाला शिंक आली तरी मी दचकले. विश्वास न ठेवणारी मी. देवाने आईचं ऐकलं नाही म्हणावं, तर तेच मागणं अजून त्याच घरात, त्याच आवाजात चालू होतं, आणि आता त्याला माझा होकार मिळाला होता. ह्या घरात ह्याला ठेवायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. नवऱ्याला फोन करून गॅलरी बंद करायला सुतार बोलावायला सांगितला. टीचरलाही तसं सांगितलं. ती म्हणाली, त्याला विचारलंत का? "त्याला काय कळतंय," मी म्हटलं. आयुष्यभर हे वाक्य बोलणाऱ्यांशी मी भांडत आले होते.

त्या संध्याकाळी मी दादाला म्हटलं, आज गाऱ्हाणं मी घालते. त्याला ते पटलं. माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. आईचं मागणं मोडायचं, आणि मुलुंडला जायचा त्याचा होकार घ्यायचा. गाऱ्हाण्याला तो कधी नाही म्हणत नाही, हे मला माहीत होतं. आईची युक्ती मी उचलली होती.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. त्याच्याच आवाजात.

"आयेन जा मागल्यान ता इसर रे म्हाराजा."

तो जरा थांबला. फोटोकडे बघितलं. "व्हय म्हाराजा."

"दादाक खूप वर्सां जगव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दादाक माझ्या घराक, मुलुंडाक, सुखान ऱ्हवांदे रे म्हाराजा."

उत्तर आलं नाही. शेजारी कुकरची शिटी झाली. दादाचे ओठ हलत होते. तो आईला शोधत होता, तिने काय सांगितलं असतं ते आठवत होता, आणि मीही अंग चोरून तिच्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. दादाने गुडघ्यांवरचे हात घट्ट केले.

"नाय म्हाराजा."

असं उत्तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, दादा, अरे तिकडे मी आहे, मुलं आहेत. तो माझ्याशी बोललाच नाही. दिव्याकडे बघून, अडखळत, देवालाच म्हणाला, "मी हयच ऱ्हवतलंय रे म्हाराजा." आणि मग माझ्याकडे वळून थांबला. ओळ संपली होती. आता माझी पाळी होती.

तो थांबून राहिला, खोका दुमडताना थांबतो तसा, घाई नसलेला. शेवटी मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

सुतार आला नाही. दादा बोरीवलीलाच आहे. गॅस काढून आम्ही विजेची शेगडी बसवली, सेक्रेटरींचं तोंड त्याने बंद झालं. समोरच्या काकूंकडे एक चावी असते. टीचर अधूनमधून येते, उंबऱ्यातूनच बघते आणि जाते. परवा दूध उतू गेलं, एकदा कुलूप उघडंच राहिलं, एकदा तो चुकून दहिसरच्या बसमध्ये बसला आणि विचारत विचारत परत आला. माझा जीव अजून वरखाली होतो. आईला जी भीती वाटायची ती आता मला वाटते, तीच, जशीच्या तशी.

टीचर म्हणाली होती तसंच झालं. आई आधी बसस्टॉपवरून गेली, मग न्हाणीघरातून, मग शेगडीपासून. मी रविवारी जाते तेव्हा बेल वाजवायच्या आधी दाराला कान लावून उभी राहते. आतून भांड्यांचा आवाज येतो, टीव्हीचा येतो. मागच्या खेपेला मला राहवलं नाही. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, दादा, एकदाच आईसारखं बोल ना. रोडावलंस गो म्हण.

तो ताट विसळत होता. त्याने नळ बंद केला, परत हात लावून बघितला, आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"आई गेली गं," तो म्हणाला. हळूच, मला पहिल्यांदाच कळत असल्यासारखं. माझं रडणं थांबेपर्यंत तो बसून राहिला. मग त्याने माझी पिशवी भरून दिली, बसला गर्दी होईल, निघ म्हणाला, आणि मला जिन्यापर्यंत सोडून आत जाऊन दार लावून घेतलं.