कयाकमधली मागची जागा

हे मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि त्याला मी एरवी सगळं सांगते, त्याला नको असलं तरी. पाच वर्षं होऊन गेली. गोष्ट एका आठवड्याचीच आहे — पण मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागेल.

मी शाळेत हिंदी शिकवते, राहते बरकतपुऱ्यात. वजन वाढलं म्हणून हुसेनसागर तलावावर कयाक शिकायला गेले आणि चक्क रमले. तिथे सुनंदाताई भेटल्या. बँकेत नोकरीला, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, मूळच्या आमच्याच नांदेडकडच्या. दोघींच्या कयाकमध्ये त्या पुढे बसायच्या, मी मागे. पुढची लय धरते, मागची तिच्या वल्ह्याला वल्हं जुळवते. मागचीला पुढचीची पाठ दिसते. पुढचीला मागची दिसत नाही — एवढं लक्षात ठेवा.

तो पाडव्याचा आठवडा होता. वार्षिक परीक्षेचे एकशे साठ पेपर घरी येऊन पडलेले, सासूबाईंना पुरणपोळ्या हव्या होत्या, आणि पहाटेपासूनच वारा सुटायचा. समोरून. रविवारी राज्य स्पर्धेसाठी जोडी निवडायची होती. सुनंदाताई तीन वर्षं या निवडीची वाट बघत होत्या. बँकेतून रजासुद्धा आधीच मंजूर करून घेतलेली. मी ठरवलं, एकही दिवस चुकवायचा नाही.

आणि नाही चुकवला. रोज साडेपाचला स्कूटर हिमायतनगरवरून तलावाकडे. स्टाफरूममध्ये कौतुक, घरी कौतुक, तलावावर आम्हाला शिकवणारे सर तर बाकीच्यांना माझं उदाहरण द्यायला लागले. मला ते आवडत होतं. का नाही आवडणार?

सोमवारी मात्र अर्ध्या वाटेत हात भरून आले. दोन मिनिटं मी वल्ह्याचं पातं नुसतं बुडवलं आणि काढलं, पाणी ओढलंच नाही. कयाक चालत राहिली. ताईंची पाठ तशीच हलत होती, जरा जास्त वाकून. त्यांना कळलं नाही. मंगळवारी दोन मिनिटांची दहा झाली. बुधवारी पाडवा होता, त्या दिवशी तर परत येईपर्यंत मी ताल तेवढा सांभाळला. सर किनाऱ्यावर. लांबून बघणाऱ्याला दोन्ही वल्ह्यांची चारही पाती बरोबरच दिसतात.

दमले होते म्हणू? सोमवारी होते. गुरुवारी नव्हते. गुरुवारी मी अंग चोरलं, कारण चोरता येत होतं, आणि रविवारी घड्याळ लागणार तेव्हा हात ताजे राहतील असा माझा हिशेब होता. मुलांना कॉपी करताना पकडलं की मी वर्गाबाहेर उभं करते. त्याही आठवड्यात केलं होतं.

शुक्रवारी सर म्हणाले, वारा सगळ्यांनाच आहे, मग तुमचीच कयाक का मागे पडते? ताई आखडलेली बोटं चोळत होत्या. त्यांना विचार करावा लागला नाही.

"माझंच वय बोलायलंय सर. हिला नका काही बोलू, ही पोरगी तर मरमर करायली मागे बसून."

मी तेव्हा वल्हं पुसत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी पातं दोन्ही बाजूंनी कोरडं केलं, मग दांडा पुसला, आणि तोवर सर दुसऱ्या जोडीकडे गेले होते.

शनिवारी ताईंनीच सरांना सांगितलं की पुढच्या जागेवर दिव्याला बसवा. दिव्या कॉलेजातली, चांगली वल्हवायची, पण ताईंपेक्षा काही फार नाही. रविवारी मी खरं ओढलं. पहिल्या वल्ह्यापासून शेवटच्या वल्ह्यापर्यंत, जीव तोडून. आमची वेळ सगळ्यांत चांगली आली. मग कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही — दोष कुठे होता ते सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ताईंनीही पाहिलं. किनाऱ्यावर सर्वांत जास्त टाळ्या त्याच वाजवत होत्या.

स्पर्धेत आम्ही पाचव्या आलो. ताईंनी रजा रद्द करून टाकली होती. त्यानंतर त्या पाण्यावर आल्या नाहीत. पोटऱ्या दुखतात, डोळ्यांवर ऊन येतं, असं काहीबाही सांगायच्या. सत्तेचाळीस हे काय वय असतं?

मागच्या महिन्यात कोठी भागात औषधांच्या दुकानात भेटल्या. बरोबर त्यांची सून होती. तिला माझी ओळख करून देताना त्यांनी माझा हात धरला.

"ही होती म्हणून मी तेवढे तरी दिवस टिकले बघ. शेवटी शेवटी तर हिनंच ओढलं मला."

मी म्हटलं, असं काय ताई. आणि हसले.

त्या आठवड्यात कयाक त्यांनी एकटीनं ओढली. समोरच्या वाऱ्याविरुद्ध, मागे मला बसवून.