मेणाखालचा हिरवा टिपका

चकलांब्यात आमच्या समोर राहणारी शेळ्यावाली आरशात कधी बघत नाही. सकाळी ओट्यावर बसून कपाळाला मेण लावते, त्यावर बोटानं कुंकू दाबते आणि ते बरोबर मधोमध बसतं. लहानपणी गोंदलेला हिरवा टिपका तिथं आहे. बोटाला ती जागा पाठ झालेली.

माझ्या टिकलीवर तिचा भारी राग. "कावून गं पोरी, पाकिटावर तिकीट डकवल्यावानी डकवती? घाम आला की चालली!" बोलणं माझ्याशी, मधेच शिव्या शेळ्यांना. कुठलं कोणाला, ते आपण ओळखायचं.

तिचा नवरा गेला त्या दिवशी मी तिथंच होते. थोरली जाऊ ओलं फडकं घेऊन आली आणि तिनं कुंकू पुसलं. लाल गेलं, खालचा हिरवा टिपका तेवढा उरला. तशी हिनं जावेचा हात धरून परत कपाळावर नेला.

"आता ह्ये बी पुसा की."

जाऊ बघतच राहिली.

"ह्ये माझ्या आईनं गोंदून घेतलंय, मी परकरात व्हते तवा. तवा तुमचा दीर कुठं व्हता?"

जावेनं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

तेराव्यानंतर ती शेळ्या घेऊन निघाली, तेव्हा कपाळावर नेहमीएवढंच कुंकू होतं. मी बघतच उभी राहिले. ती दाराशी थांबली.

"मला काय बघती? तुझी टिकली पडली, ती बघ."