साइटला हात लावू नको

आधी त्या पोलीसताईंचं सांगते, मग बाकीचं. बाकीचं सांगायला बसले की माझं डोकं तापतं आणि ज्यांचं आधी सांगायला पाहिजे त्याच मागे राहतात. त्या घाटनांदूरच्या, बीडला पोलिसात नोकरीला. नेमबाजीच्या सामन्याच्या दिवशी ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आमच्या मागून फेऱ्या मारायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, इतकी मी गडबडलेली होते. त्या दिवशी त्या भेटल्या नसत्या तर मी आजही असंच समजत राहिले असते की माझं बोटच खोटं आहे.

मी कड्याची. जिल्हा एकच, पण कड्याहून अंबाजोगाईला यायचं म्हणजे अख्खा बीड जिल्हा आडवा कापायचा. आम्हाला नगर जवळ. अंबाजोगाई मी लहानपणी फक्त नकाशात पाहिली होती, आणि नकाशा तरी किती दिवस बघितला, आठवीनंतर शाळाच सुटली. लांबच्या नात्यातल्या एका मावशीची मेडिकल कॉलेजजवळ खानावळ आहे. तिला हाताखाली माणूस पाहिजे होतं म्हणून मी आले. सकाळी भाकरी, दुपारी डबे पोचवायचे. त्यातला एक डबा सरांचा असायचा.

सर म्हणजे फौजेतून रिटायर झालेले. बंद पडलेल्या तेलगिरणीच्या मागे त्यांचं पत्र्याचं शेड होतं, तिथे ते पोरापोरींना एअर पिस्तूल शिकवायचे. एकदा मी दारातून डबा पुढे केला तर त्यांनी तो घेतलाच नाही. म्हणाले, धर तसाच. मी हात लांब करून उभी राहिले. त्यांनी सावकाश चहा संपवला, मग जवळ येऊन माझ्या मनगटाकडे बघितलं.

"हात हाय का खांब?" म्हणाले.

त्या एका वाक्यावर मी शेडात जायला लागले. फी नको, शेड झाडून घेत जा, असं ठरलं. मावशीने कुरकुरत का होईना, भाकऱ्या आटपल्या की सकाळचा थोडा वेळ सोडला. पहिल्या दिवशी पिस्तूल हातात घेतलं तेव्हा भीती वाटली ती गोळीची नव्हती. ही वस्तू आपल्या हातून पडली तर भरून कोण देणार, याची होती.

शेडात पिस्तूल एकच होतं आणि नेम धरायची जागाही एकच. समोर दहा मीटरवर एक कार्ड, त्यावर एक बल्ब. सर मागे खुर्चीत बसायचे. हात वर गेला, श्वास थांबला, की ते 'हं' करायचे. मग गोळी सोडायची. गोळी म्हणजे शिशाचा बारीक छर्रा.

पिस्तुलाच्या मागच्या टोकाला नेम बघायची खाच असते, तिला साइट म्हणतात. तिला दोन बारीक स्क्रू असतात. एक फिरवला की छर्रा वर-खाली सरकतो, दुसरा फिरवला की डावी-उजवीकडे. ज्याची त्याची नजर वेगळी, म्हणून ज्याचं त्याचं माप वेगळं. आमचं पिस्तूल सगळ्यांत मिळून एक, म्हणून शेडात एक रिवाज होता. आपलं झालं की दोन्ही स्क्रू मधोमध आणून ठेवायचे आणि पुढच्याच्या हातात पिस्तूल देताना तोंडाने सांगायचं, 'मोकळं केलं.' हे ऐकल्याशिवाय पुढच्याने पिस्तूल धरायचं नाही. हा रिवाज सरांनीच पाडलेला. एकदा एक मुलगा सांगायला विसरला तर त्याला त्यांनी दिवसभर शेडाबाहेर उभं केलं होतं.

बीडच्या सामन्याच्या आधी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की शेडात एक नवी पोरगी यायची म्हणतेय. बीडला तुझा हात चालला तर सकाळची वेळ तुझी, नाही चालला तर तिची. मी मान हलवली. मला पदक वगैरे नको होतं. ती सकाळची वेळ पाहिजे होती. दिवसभरात तेवढाच वेळ असा होता की मला कोणी हाक मारत नव्हतं.

आम्ही सरांच्या जीपने गेलो. माझ्यासोबत एका डॉक्टरांची मुलगी होती. ती तीन वर्षं शिकत होती, स्वभावाने चांगली. केज सोडेपर्यंत तिने मला सगळं समजावलं, कुठे सही करायची, कुठे बसायचं. तिची पाळी पहिल्या तुकडीत होती, माझी दुसऱ्या. पिस्तूल तेच.

तिची तुकडी संपली. ती पिस्तूल घेऊन माझ्याकडे आली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी मधे हात घालून ते घेतलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"सगळं लावलेलं हाय," ते म्हणाले. "साइटला हात लावू नको. काय बी झालं तरी."

'मोकळं केलं' हे शब्द कोणीच बोललं नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण समोर सर होते. रिवाज ज्याने पाडला त्यालाच कसं विचारायचं?

मग माझा गोंधळ सुरू झाला. हुकूम व्हायच्या आधीच मी पिस्तूल उचललं आणि माइकवरून ओरडा खाल्ला. नळीत सुरक्षेसाठी घातलेली रंगीत दोरी काढायची विसरले. दोरी काढली तर छर्रा भरायची विसरले, नुसताच खट आवाज झाला आणि शेजारची मुलगी हसली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'स्टार्ट' झाल्यावर बाकीच्या पोरी धडाधड मारत होत्या आणि मी हात वर करून उभीच. मी सरांच्या 'हं'ची वाट बघत होते. हात भरून आला, खाली घेतला, परत वर केला. कोणी 'हं' म्हणेना. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की इथे आपलं आपणच ठरवायचं असतं.

पहिली गोळी कुठे गेली मला दिसलंच नाही. मागून पोलीसताई आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं कार्ड तुझ्या नंबरासमोरचं. ते शेजारणीचं हाय." शेडात एकच कार्ड बघायची सवय. इथे ओळीने कार्डं लटकत होती आणि मी नेम धरला होता भलत्यावरच. नशीब, तो सुरुवातीचा सरावाचा वेळ होता.

पुढच्या गोळ्या माझ्या कार्डावर लागल्या, पण सगळ्या डावीकडे, खाली. काळ्या गोलाच्या बाहेर. परत मारली, परत तिथेच. आम्हाला शेडात शिकवलेलं होतं की घोडा दाबताना बोट झटकलं की छर्रा डावीकडे खाली जातो. मी मागे वळून सरांकडे बघितलं. ते बाकड्यावर बसले होते. त्यांनी तर्जनी उचलली आणि हवेत हळूच वाकवली. बोट सावकाश दाब.

माझंच चुकतंय, म्हणजे प्रश्नच मिटला. मग पूर्ण सामना मी त्या एका बोटाशी भांडत राहिले. इतकं हळू दाबायची की डोळ्यात पाणी यायचं. घाम पुसायची, परत उभी राहायची. छर्रा डावीकडे, खाली. एकदा अंगठा नकळत साइटच्या स्क्रूपर्यंत गेला. सरांचं 'काय बी झालं तरी' आठवलं आणि मी चटका बसल्यासारखा मागे घेतला.

शेवटून दुसरी आले. डॉक्टरांची मुलगी पहिल्या आठांत आली. त्या आठांची फायनल जेवणानंतर होती.

मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. सकाळची वेळ गेली, एवढंच डोक्यात होतं. पोलीसताई उशिराने डबा खायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"रडतीस कावून?"

माझं बोट झटकतं, मी म्हणाले.

"कोण म्हणलं?"

मी सांगितलं. त्यांनी डबा तसाच काखेत धरला आणि मला आत फळ्यापाशी नेलं. मोजून झालेली कार्डं तिथे लावलेली होती. माझं कार्ड त्यांनी बोटाने दाखवलं. भोकं सगळी डावीकडे खाली, पण चहाच्या कपाच्या बुडाएवढ्या जागेत दाटीने बसलेली.

"झटकणाऱ्याच्या गोळ्या रानभर पडत्यात. तुझ्या एका जागी हायत बघ. हात लई चांगला हाय तुझा. साइट दुसऱ्याची हाय. मला मागून दिसत होतं, पण सामना चालू असताना आमाला बोलता येत न्हाई. फिरवली कावून न्हाईस?"

सर म्हणले, हात लावू नको, मी सांगितलं.

ताईंनी कार्ड पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी विचारलं, पिस्तूल तुझं आणि पहिल्या तुकडीतल्या त्या मुलीचं एकच का. मी हो म्हणाले. त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला बघत राहिल्या. तिथे डॉक्टरांची मुलगी फायनलसाठी उभी राहत होती आणि सर तिच्या हातात तेच पिस्तूल देत होते. स्क्रूंना त्यांनी बोटही लावलं नाही. लावायची गरजच नव्हती. ते तिच्याच मापाला होते, सकाळपासून.

मला तेव्हा राग नाही आला. ती खूण आठवली, सरांनी हवेत वाकवलेलं बोट. त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला माझंच बोट दाखवलं.

डॉक्टरांच्या मुलीला फायनलमध्ये तिसऱ्या नंबरचं पदक मिळालं. सामान आवरायला लागले तेव्हा पोलीसताई मुख्य पंचांकडे गेल्या आणि काहीतरी बोलून परत आल्या. हातात त्यांचं स्वतःचं पिस्तूल आणि एक कोरं कार्ड. पंच म्हणाले होते, एकच कार्ड, लवकर. ताईंनी दोन छर्रे मारायला लावले, कार्ड बघितलं, स्क्रू फिरवला, परत दोन, परत फिरवला. मग म्हणाल्या, "आता मार. आन् कुनाच्या हुकमाची वाट बघू नको."

बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. मी मारत राहिले. छर्रे काळ्यात जाऊन बसले, एकमेकांना चिकटून. एक तर अगदी मधल्या गोलाला लागून. ताईंनी ते कार्ड माझ्या हातात दिलं आणि घड्याळ बघून नुसत्या हसल्या. घाटनांदूरची थेट गाडी त्यांची चुकली होती, हे मला त्या दुसऱ्या कोणाला फोनवर सांगत होत्या तेव्हा कळलं. आणि जेवणाचा डबा अजून उघडलेलाच नव्हता.

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला सरांनी पेढे घेतले. सगळ्यांना वाटले, मलाही दिला. तो हातात धरून मी विचारलं, सर, साइट मोकळी का केली नव्हती. ते काही लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणाले, मोकळी केली असती तर फायनलच्या आधी तिच्या मापाला परत जुळवायला वेळ कुठे होता.

"फायनल तिची होती. तुझी न्हवती."

"मग मला बोटाची खूण कशाला केली?"

"घाबरून फिरवशील म्हणून." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, जसं कोणी सांगतं की दूध उतू जाईल म्हणून झाकण काढून ठेवलं. डॉक्टरांच्या मुलीने हातातला पेढा कागदात परत गुंडाळला आणि अंबाजोगाई येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. सकाळी तिने तोंड उघडलं होतं, ते मी विसरलेले नाही.

ठरल्याप्रमाणे माझी वेळ नव्या पोरीला गेली. बीडला माझा हात चालला नव्हता, ते सगळ्यांनी बघितलंच होतं. मी भांडले नाही. मला भांडता येत नाही, आवाज चढला की माझे शब्द तुटतात, आणि मावशीच्या खानावळीचं गिऱ्हाईक तोडायची माझी हिंमत नव्हती. सरांचा डबा आजही मीच नेते. ते तो लगेच हातात घेतात, धर तसाच म्हणत नाहीत.

बरेच दिवस मला एकच गोष्ट छळत होती. ज्याने माझ्या बोटाबद्दल खोटं सांगितलं, त्यानेच माझ्या हाताबद्दल चांगलं सांगितलं होतं. मग तेही खोटंच असेल. डबा उचलतानाही तेच मनात यायचं. तेव्हा मी पत्र्याच्या पेटीतून ताईंनी दिलेलं कार्ड काढायची आणि त्या भोकांवरून बोट फिरवायची. हात खरा होता. सरांनाही ते दिसलं होतं, म्हणून तर त्यांनी मला शिकवलं. दिसूनही त्यांनी तो बाजूला ठेवला, हेच जास्त लागतं.

आता सकाळी भाकऱ्या झाल्या की मी खानावळीच्या गच्चीवर जाते. पाण्याने भरलेला डबा हात लांब करून धरते, समोरच्या टाकीवरच्या एका डागावर नजर ठेवते. 'हं' कोणी म्हणत नाही, माझं मीच ठरवते. मावशी खालून विचारते, काय चाललंय गं, मी म्हणते, काही नाही, येते.

पोलीसताई म्हणाल्या होत्या की सामने होतील तेव्हा त्या तिथेच असतील, शिट्टी घेऊन. पिस्तूल कुठून आणायचं हे मला अजून माहीत नाही, विचार केला की घाबरायला होतं. पण त्यांनी मला दिलेलं ते कार्ड माझ्या पेटीत आहे. एक ना एक दिवस मी बीडला जाईन, साइट माझ्या हाताने लावीन, आणि सगळे छर्रे मधोमध बसलेलं एक कार्ड त्यांच्या हातात देईन. सोबत माझ्या हातच्या भाकरीचा डबा नेईन, आणि त्या दिवशी त्यांना तो वेळेवर खायला लावीन. त्यांचं नाव तेवढं आधी विचारून घेईन.