उतई रस्त्यावरचा नऊ नंबर

दुर्ग स्टेशनावर उतरले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. नागपूरला भांडून मिळवलेली खिडकी गोंदियापर्यंत टिकली, आणि तिथे चढलेल्या एका आजीबाईंनी "बाई, जराशी टेकू दे" म्हणत म्हणत मला पार दारापाशी नेऊन पोचवलं. पण फलाटावर सुशीलामावशी दिसली आणि राग कुठच्या कुठे पळाला.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन भंडाऱ्याकडून भिलाईला आली, मावसाजी पोलाद कारखान्यात होते. ते गेले तेव्हा पल्लवी दुसरीत होती. मावशीने शिलाईकाम करून तिला वाढवलं, शिकवलं, आणि आता उद्या पल्लवीचं लग्न होतं. मी त्यासाठीच आले होते.

"लय वाळली व तू, शालू," मावशी म्हणाली. हे ती दर खेपेला म्हणते. मी दर खेपेला आधीपेक्षा जाड असते.

हुडको कॉलनीत मावशीच्या घरी जाण्याआधी बाजार करायचा होता. दुर्गच्या जुन्या बाजारात आम्ही हार घेतले, नारळ घेतला, हळदकुंकू, सुपाऱ्या, वाती, तांदूळ घेतले. एका गाड्यावर चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खाल्ला. सोबत टोमॅटोची चटणी अशी झणझणीत की नाकातून पाणी आलं. मावशी हसत होती. मी नाक पुसत विचारलं, "संध्याकाळी शिवेवर कोणती साडी नेसणार?"

या शिवेची गंमत सांगायलाच हवी. लग्नाच्या आदल्या दिवशी गावाच्या शिवेवर नवरदेवाचे पाय धुवायचे, ओवाळायचं, ते सीमांतपूजन. पण भंडारा-गोंदियाकडून कारखान्यात आलेल्या या मंडळींना इथे गाव कुठलं आणि शीव कुठली! सगळ्या सरकारी चाळी. तेव्हा जुन्या लोकांनी बैठक घेऊन ठरवलं की, दुर्गहून उतईला जाणाऱ्या रस्त्यावरचा नऊ नंबरचा किलोमीटरचा दगड ही आपली शीव. तेव्हापासून कॉलनीतला प्रत्येक मराठी जावई त्या हिरव्या डोक्याच्या दगडापाशी पाय धुऊन घेत आला आहे. दगडाला शेंदूर लागायचाच काय तो बाकी आहे.

"मी कायले जाऊ शिवेवर?" मावशी चटणी पुसून घेत म्हणाली. "काकू अन् भासरेबुवा करतीन पूजन. मी घरी दिवे लावून ठेवीन."

भासरेबुवा म्हणजे मावसाजींचे थोरले भाऊ, नामदेवकाका, आणि काकू त्यांची बायको. मावशी अजूनही त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही.

"मावशी, खरं सांग. तुला नाही वाटत करावंसं?"

तिने पिशवीतले हार नीट लावले. मग म्हणाली, "लय वाटते. एकटीनं वाढवली न तिले. जावयाचे पाय आपल्या हातानं धुवावं वाटते. पन कुकवाचं काम हाये ते, बाई. विधवेनं नाही करत."

"मी बोलते काकांशी."

"काही बोलू नोको, माही शपथ हाये! लग्न हाये घरी."

मला इतका संताप आला की सुपारीवाल्याशी उगाच घासाघीस केली. पण मावशीने शपथ घातली होती. मी मूग गिळून ऑटोत बसले.

उन्हं कलली होती. घरची वाट उतई रस्त्यानेच, शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापून झालेली भाताची शेतं, बांधावर पळस नुकता पेटू लागलेला. मी सवयीने दगड बघत होते आणि चक्रावले. त्यांची हिरवी डोकी काळी झाली होती, म्हाताऱ्याने कलप लावावा तशी. आणि आकडे? दुर्गहून निघताना एक, दोन, तीन असे वाढत जायचे ते आता उलटे उतरत होते.

ऑटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सरकार ह ए सडक ला इहें के मन ला दे दिस, दाई. नंबर घलो बदल गे." (राज्याचा रस्ता सरकारने इथल्या जिल्ह्याच्या लोकांच्या ताब्यात दिला, नंबरही बदलले, माय.) आता मोजणी उतईकडून सुरू होते, म्हणे.

मी मावशीकडे पाहिलं, मावशीने माझ्याकडे. आणि तेवढ्यात समोर रस्त्याच्या कडेला वऱ्हाडाची बस उभी दिसली.

बाया झाडाखाली वारा घेत होत्या, पुरुष फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते, आणि त्यांच्या मधोमध काळ्या डोक्याचा दगड होता. त्यावर ठसठशीत नऊ. नवरदेव बिचारा बसमध्येच घामाघूम बसलेला. त्याच्या आजीचा हुकूम होता की, शिवेवर पूजन झाल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही.

मी नामदेवकाकांना फोन लावला. मागे बँडवाल्यांची पिपाणी ऐकू येत होती.

"काका, पाहुणे नऊ नंबरवर उभे आहेत!"

"मंग आमी कुठी हावो? नऊवरच हावो न! जनम गेला आमचा या दगडापाशी."

"दगडावर काय लिहिलंय ते वाचा."

चष्मा काढल्याची खुडबुड ऐकू आली. मग काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "तीन लिवलं हाये व." पुढच्या क्षणी ते बँडवाल्यांवर ओरडले, "कोनी वाचलं कावून नाही बे?" जसं काही वाचायचं काम बँडवाल्यांचंच होतं! ते लगेच निघाले, पण वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, आणि समोरून लोखंडाच्या दगडांची मालगाडी. ती कधी संपते ते देवालाच ठाऊक.

इकडे नवरदेवाच्या आजीचा धीर सुटला. "पोरगा उकडून राहिला बसमंदी. मुलीकडचं कोनीच नाही का?"

"मुलीची आई आहे," मी म्हणाले. शपथ काकांशी न बोलण्याची होती, आजींशी नव्हे.

मावशीने माझा हात करकचून दाबला. "मी नाही, आजी. काकू येऊन राहिल्या. मी..." तिने आपल्या मोकळ्या कपाळाकडे नुसता हात नेला.

आजी काठी टेकत जवळ आल्या. त्यांचंही कपाळ मोकळंच होतं. त्यांनी मावशीला खालीवर न्याहाळलं.

"मीबी अशीच हावो," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीच्या लग्नात मले कोठीच्या खोलीत बसवलं होतं. आतून सनई आयकली मी. पोरगी तुही हाये न?"

"हो."

"मंग दुसरं कोन करंन? घे ताट."

ताट कुठलं! माझ्या डब्याचं झाकण घेतलं. बाजारातली पिशवी तिथेच रस्त्यावर उघडली. वात बसवली बाटलीच्या झाकणात, तेल एका वऱ्हाडणीच्या डोक्याला लावायच्या बाटलीतलं. नवरदेवाला दगडाशेजारी बॅगेवर बसवलं. मावशीने बाटलीच्या पाण्याने त्याचे पाय धुतले आणि पदराने पुसले. कुंकवात बोट बुडवलं आणि तिचा हात थांबला. नवरदेवाने मान खाली वाकवून कपाळ तिच्या बोटापर्यंत आणलं.

मी रडले. सांगायला लाज कसली?

ओवाळणं संपता संपता काकांची गाडी आली, मागे बँडची. काका उतरले, दगड पाहिला, झाकण पाहिलं, नवरदेवाचं लाल कपाळ पाहिलं. मावशीने झटकन डोक्यावर पदर घेतला आणि ती माझ्या मागे सरकली. मला वाटलं, आता ठिणगी पडणार, आणि मी पदर खोचून तयारच होते.

काकांनी टोपी काढली, घाम पुसला. मग माझ्याशी नाही, आजींशी नाही, सरळ तिच्याशी बोलले, "सुशीला, मागं कावून लपून राहिली? चाल पुढं. मान तुहा हाये." आणि बँडकडे वळून, "वाजवा न बे!"

लग्न दणक्यात झालं. जेवणावळीत कॉलनीच्या म्हाताऱ्यांची बैठक बसली की, शीव जुन्या दगडाची धरायची की नव्या आकड्याची. रात्री उशिरापर्यंत वाद चालला. बायांनी मात्र पंगतीतच ठरवून टाकलं होतं, शीव नव्या नऊवर.

परतीच्या दिवशी मी पिशवी उचलली. मावशीच्या घरून निघताना मला कुंकू लावायला नेहमी शेजारच्या वहिनी यायच्या. मावशी त्यांना हाक मारायची आणि स्वतः दाराआड उभी राहायची. इतकी वर्षं मला ते रीतीचंच वाटत आलं. एका रस्त्याचे मालक बदलले, आकडे उलटे झाले, लोक दोन दिवस कुरकुरले आणि नव्या आकड्यांनी पत्ते सांगू लागले. बाईच्या कपाळाचे नियम बदलायला मात्र आपल्याला वऱ्हाडाची बस भलत्या दगडापाशी थांबावी लागते.

मी वहिनींची वाट बघत उंबऱ्यात थांबले. मावशीने हाक मारलीच नाही. देवघरातून करंडा आणला आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"खाली वाक," ती म्हणाली. "लय उंच झाली तू."

कुंकू जरा वाकडंच लागलं. हाताला सवय नव्हती ना. नागपूर येईपर्यंत मी ते तसंच ठेवलं.