पूर्ण डोस

"इतके कशाला?" रजेचा अर्ज हातात पडला की तो हे म्हणायचा आणि मागितलेल्या दिवसांवर लाल रेघ ओढायचा. इथे तमिळ मुलखात, एग्मोरच्या आमच्या सरकारी कचेरीत तो हेडक्लार्क होता. तोंडावर आम्ही त्याला सर म्हणायचो, पाठीमागे कात्री.

"लग्नाला चार दिवस? तुझं आहे का?"

"बहिणीचं, सर."

"मग दोन पुरे."

नियमात बसत असतानाही कापायचा, आणि कापताना त्याचा चेहरा खुलायचा. असा एखादा तुमच्याही कचेरीत असेल. हा तंजावूरकडचा मराठी, म्हणून मी सुरुवातीला आशेनं त्याच्याकडे गेलो होतो. तेवढा मूर्खपणा माझा.

आई साताऱ्यात शेवटच्या आजारात होती. मी पंधरा दिवस मागितले, त्यानं नऊ दिले. मी कामावर परतलो आणि दुसऱ्याच दिवशी ती गेली. तो म्हणाला, "अय्यो पावम्, बिचारी! आता परत रजा लागेल का रे?"

निवृत्तीनंतर तो मैलापुरात नेमका आमच्याच इमारतीत राहायला आला. गेल्या वर्षी त्याच्या घशात कॅन्सर निघाला. बायको नव्हती, मुलगी कोइमतूरला. मग डॉक्टरांकडे सोबत कोण? मी.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. त्याच्या प्रकारच्या गाठीवर एक नवा उपचार तपासून पाहत होते. इम्युनोथेरपीनं शरीराचीच ताकद गाठीशी लढायला उठवायची आणि रेडिएशन कमी द्यायचं. लाळ आणि गिळणं वाचण्याची शक्यता जास्त. मात्र अभ्यास अजून पुरा झालेला नाही. रेडिएशनचा नेहमीचा पूर्ण डोस हवा तर तोही आहे.

त्याचा चेहरा उतरला. जन्मभर त्यानं जे जे कमी केलं, त्यात समोरच्याचं भलं कधीच नव्हतं. त्यामुळे डॉक्टरही आपल्यासारखीच कात्री चालवतात, अशी त्याची खात्री पटली.

"मलाच का कमी?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तू सांग रे. पूर्णच घेऊ ना?"

घाई करू नका, मुलीशी बोला, गिळण्याचं काय ते पुन्हा विचारा, एवढं मला म्हणता आलं असतं. मला आई आठवली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्यानं पूर्ण डोसवर सही केली.

गाठ गेली. लाळही गेली. रसमभाताचा घास उतरेना. कंजी, म्हणजे भाताची पातळ पेज, घोटाघोटाला खोकत प्यायचा. कमी डोसनं काय झालं असतं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण मी गप्प बसलो तो काही त्या कारणानं नाही. हा माणूस मला कधी आवडला नाही, आजही आवडत नाही. त्या दिवसापासून मीही मला आवडत नाही.

महिन्याभरापूर्वी मुलगी त्याला कायमचं घेऊन जायला आली. जिन्यात त्यानं माझा हात धरला, बाटलीतलं पाणी प्यायला आणि थांबत थांबत तिला म्हणाला, "ह्यानं मोठी मदत केली गं. दुसरा कोणी असता, तर मला कमीवर राजी केलं असतं."

मुलीनं वाकून मला नमस्कार केला. मी तो करू दिला.