दोन पायऱ्या, एकच शंभर

निमगाव केतकीच्या अलीकडं रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. गाव वर माळाच्या कडेला, बौद्धवस्ती खाली ओढ्याच्या अंगाला. मधे पानमळे, ऊस आणि एक लांब, सुस्त उतार. वस्तीतल्या नानांची लेक करुणा याच उतारावर वाढली. आता ती जळोचीतल्या एका कचेरीत बसून गावोगावच्या नळयोजना कॉम्प्युटरवर उभ्या करते. टाक्या, पाइप, चढ, उतार, सगळं आधी पडद्यावर मांडते, तिथंच पाणी सोडते आणि कुठल्या घरी ते किती जोरानं पोचेल ते बघते. याला ती मॉडेल म्हणते. खरं पाणी सोडायचं काम नानांचं. ग्रामपंचायतीचे व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांची हयात गेली.

करुणा धीट नाही. शाळेत गणित सुटलं तरी पुन्हा पुन्हा ताळा करायची. पोरं तिला भित्री म्हणत. मला विचाराल तर तिचं शिक्षण त्या भीतीनंच पुरं केलं.

आमच्या गावच्या नव्या योजनेचं मॉडेल तिच्याकडंच आलं. माळावरच्या एकाच टाकीतून गावाला आणि वस्तीला एकाच पाइपानं पाणी मिळणार होतं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तिनं पडद्यावर पाणी सोडलं. गावात दाब ठीक दिसला. वस्तीत मात्र दाब उणे आला. म्हणजे नळ उघडला तर पाणी येणार नाहीच, उलट पाइप बाहेरची घाण आत ओढील.

तिचे साहेब रणजितसर घाईत होते. म्हणाले, "दाब पुरत न्हाय ना? मग वस्तीच्या तोंडाशी दाब कमी करायचा व्हॉल्व्ह कशाला पायजे? काढ त्यो. सरळ पाइप जोडू."

तिनं तो मॉडेलमधून काढला. आकडे जरा वर आले. ठेकेदाराला निरोप गेला, त्याच्या माणसांनी वस्तीच्या तोंडाशी जमिनीत बांधलेल्या चेंबरमधला खरा व्हॉल्व्हही काढला, पाणी चालू-बंद करायचा तेवढा ठेवला आणि चाचणीचा दिवस ठरला.

त्या सकाळी करुणा कचेरीत लवकर येऊन बसली. उणे दाब तिच्या मनातून जात नव्हता. पाइपाची जाडी तपासली, बरोबर होती. कुठल्या घराला किती पाणी धरलंय तेही बरोबर. शेवटी तिनं पडद्यावरचे सगळे नळ बंद केले. थांबलेलं पाणी फसवत नाही. जागा टाकीपेक्षा जितकी खाली, तितकाच दाब. गावात आणि वस्तीत दाब सारखाच आला. पडदा सांगत होता, गावातल्या मारुतीची पायरी आणि वस्तीतल्या विहाराची पायरी एकाच उंचीवर आहेत.

मारुतीपासून विहारापर्यंत सायकलला पायडल मारल्याचं तिला आठवेना. आणि शाळेला जाताना तीच सायकल हातात धरून, धापा टाकत वर ढकलल्याचं मात्र पिंढऱ्यांना अजून आठवत होतं.

मग तिला चूक सापडली. आमच्याकडं मोजणीवाला आला की एक पक्का दगड धरतो, त्याची उंची शंभर मानतो आणि तिथून पुढं मोजत जातो. गावाची मोजणी मारुतीच्या पायरीपासून. वस्तीची विहाराच्या पायरीपासून, कारण वस्तीचं काम कायम वेगळ्या योजनेत, वेगळ्या साली आलं. या पायरीपासून त्या पायरीपर्यंत मोजत जावं असं कुणाला कधी वाटलं नाही. करुणानं दोन्ही शंभर एकच समजून मॉडेलमध्ये घातले होते.

तिनं उताराचा अंदाज धरून वस्ती खाली उतरवली. आकडे लाल झाले. चेंबरपर्यंत पाइप लोखंडी होता, पण पुढं वस्तीत प्लास्टिकचा होता. एवढा दाब त्याला सोसणार नव्हता. दोन्हींचा सांधा सुटणार तो चेंबरमध्येच, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याच्या छातीसमोर.

तिनं नानांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चेंबरमध्ये उतरताना नाना सदरा काढून बाहेर ठेवत आणि फोन सदऱ्यात राही. मग तिनं आईला, तुळसाबाईला लावला.

"आई, नाना कुठं हायती?"

"चेंबरात उतरल्यात की. नारळ फुटला आत्ताच. तू यायला पायजे हुतीस बघ."

"त्यास्नी वर काढ."

"का गं?"

"आधी काढ, मग इचार!"

तुळसाबाईनं फोन कानापासून काढला, पण बंद केला नाही. करुणाला सगळं ऐकू येत होतं.

"अवं, वर या! करुणा म्हणती वर या!"

खोल, घुमता आवाज आला, "तिला म्हणावं, तू हापिसातली सायबीण. हितला सायब मी हाय!"

बायका हसल्या. त्या हसण्याखालून सूं असा बारीक आवाज येत होता. पाणी रिकाम्या पाइपातली हवा पुढं ढकलत होतं.

"आई!"

"येता का न्हाय? न्हायतर मी टाकते उडी त्या खड्ड्यात!"

पुन्हा हशा. मग शिडीवर पाय वाजले आणि नानांचा श्वास फोनवर आला. "बोल बाय. आलो वर."

"बंद केला का?"

"दोन आटं उघडलाय. तू तर वर बोलावलंस. थांब, करून येतो बंद."

"नाना, न्हाय! उतरू नका. टाकीवरचा बंद करायला लावा. सगळ्यास्नी लांब घ्या."

"अगं, टाकी कुठं, मी कुठं. दोन आटं फिरवायचं तर काम."

"तुमच्या पाया पडते, नाना."

या पोरीनं कधी पाया पडते म्हटलं नव्हतं. मग त्यांचा आवाज दुसरीकडं वळला, "सिद्धू, गाडी काढ. टाकीवर जा. पळ!" शेजारच्या सिद्धूची मोटरसायकल दूर जाताना ऐकू आली. कुणीतरी कुरकुरलं, "पाणी आलं की हिचं काय बिघडतंय?" सूं आवाज थांबला होता. याचा अर्थ करुणाला कळत होता. हवा सरली, पाइप भरला, आता दाब चढणार.

दणका झाला. मग नुसतं पाणी. फोनमध्ये दुसरं काही उरलं नाही.

"नाना? आई? नाना!"

किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. मग नानांचा आवाज आला. "हाय बाय. समदी हाय आमी. चेंबराचं झाकान ओढ्यात जाऊन पडलंय."

रणजितसर दारात उभे होते. ती म्हणाली, "सर, दोन शंभर मी एक धरले." ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "आन व्हॉल्व्ह मी काढायला लावला."

पुढं तिनं स्वतः मारुतीच्या पायरीवर मोजपट्टी उभी केली आणि मोजत मोजत विहारापर्यंत उतरली. विहाराची पायरी मारुतीच्या पायरीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त खाली निघाली. मॉडेल पुन्हा मांडलं, दाब कमी करायचा व्हॉल्व्ह पुन्हा बसला. मॉडेल म्हणत होतं, आता काही होणार नाही.

दुसऱ्या चाचणीला तिनं नानांना चेंबरमध्ये उतरू दिलं नाही. ओढणी कमरेला खोचून स्वतः शिडी उतरली. नाना वर कडेला बसले.

"भ्या वाटतंय का?"

"व्हय."

"मग सावकाश फिरव."

दाबाच्या काट्यावर डोळे ठेवून तिनं एक आटा फिरवला आणि थांबली. काटा हलला, थरथरला. तो स्थिर होईपर्यंत तिनं दुसऱ्या आट्याला हात लावला नाही.